अमेरिकेतील स्थलांतरित शेतमजूर : हाती पडणारी मजुरी आणि बाजारातील भाव

‘मजुरी वाढवली तर भाजी कोणाला परवडणार?’ हे वाक्य आमच्या वसईच्या बाजारात ऐकू येते आणि दादरच्या भाजीगल्लीतही ऐकू येते. सातासमुद्रापलीकडे कॅलिफोर्नियातील मळेवाल्यांच्या तोंडी तर ते कित्येक पिढ्या आहे. बोलणारा बहुधा लबाडी करीत नसतो. त्याला खरोखरच तसे वाटत असते. परंतु ते खरे आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेइतका बोलका दाखला दुसरा नाही. शेतावरील मजूर, त्याची मजुरी आणि बाजारभाव या तिन्हींच्या नोंदी तेथे दीर्घकाळ ठेवल्या गेल्या आहेत. शिवाय मजुरीचा हा वाद तेथे न्यायालयात, कायदेमंडळात आणि रस्त्यावर लढला गेला, तसाच तो ख्रिस्तसभेच्या अंगणातही लढला गेला. म्हणून त्याची थोडी सविस्तर माहिती आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मजूर कोण?

गहू, मका, सोयाबीन यांची कापणी अमेरिकेत फार पूर्वीपासून यंत्रे करतात. परंतु स्ट्रॉबेरी, खाण्याची द्राक्षे, सॅलडची पाने, ताजे टोमॅटो, सफरचंदे ही पिके अजूनही मुख्यतः माणसाच्या हातानेच खुडावी लागतात. हे हात कोणाचे? सरकारी पाहण्यांनुसार पिकांवर काम करणाऱ्या दर दहा मजुरांपैकी सुमारे सात जण परदेशात जन्मलेले असतात, त्यांतील बहुतेक मेक्सिकोत; आणि दहांपैकी चारांहून थोड्या अधिकांपाशी तेथे काम करण्याचा अधिकृत परवाना नसतो. अलीकडच्या काळात मेक्सिकोच्या दक्षिणेकडील ओहाका प्रांतातील मिश्तेक व त्रिकी या आदिवासी जमातींची माणसेही मोठ्या संख्येने येऊ लागली आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना स्पॅनिशही नीट येत नाही. मुकादमाशी बोलायलासुद्धा दुभाष्या लागतो.

एके काळी या मजुरांत आपलीही माणसे होती, हे पुष्कळांस ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातून गेलेले शेतकरी कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात आणि युबा सिटीच्या परिसरात राबत होते. १९१७ च्या कायद्याने हिंदी लोकांना अमेरिकेचे दार बंद झाले, १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नागरिकत्वासही अपात्र ठरवले, आणि बायकामुलांना आणण्याचा मार्गच उरला नाही. त्यांच्यापैकी अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. त्यांची मुले बहुधा आईच्या कॅथोलिक श्रद्धेत वाढली. मौज अशी की, ज्या १९१७ च्या कायद्याने हिंदी मजुराला अडवले, त्याच कायद्यातील साक्षरतेची व कराची अट मेक्सिकन शेतमजुरांपुरती त्याच वर्षी शिथिल करण्यात आली. मळेवाल्यांना हात हवे होते. ते हात नागरिक होऊन तेथेच राहतील, हे मात्र नको होते. पुढील शंभर वर्षांच्या धोरणाचे बीज येथे सापडते.

कायद्याने सोडून दिलेले

आर्थिक मंदीच्या काळात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या राजवटीत अमेरिकन कामगारांना दोन मोठे हक्क मिळाले : १९३५ मध्ये संघटना करून मालकाशी बोलणी करण्याचा, आणि १९३८ मध्ये किमान वेतनाचा व जादा तासांच्या जादा मजुरीचा. दोन्ही कायद्यांतून शेतमजूर वगळले गेले. दक्षिणेकडील राज्यांत शेतावर राबणारे बहुसंख्य कृष्णवर्णीय होते, आणि तेथील प्रतिनिधींची मते मिळाल्यावाचून कायदे संमत होत नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण इतिहासकार सांगतात. मोठ्या शेतांवरील मजुरांना केंद्रीय किमान वेतन लागू होण्यास १९६६ ची दुरुस्ती यावी लागली. जादा तासांचा दुप्पट-दीडपट दर तर केंद्रीय कायद्याने त्यांना आजही दिलेला नाही. कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने तो टप्प्याटप्प्याने दिला, न्यूयॉर्क राज्यही त्याच वाटेवर आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन तरुण आघाडीवर गेले आणि मजुरांची चणचण भासू लागली. ४ ऑगस्ट १९४२ रोजी मेक्सिको व अमेरिका या सरकारांत करार होऊन ‘ब्रासेरो’ योजना सुरू झाली. स्पॅनिशमध्ये ‘ब्रासो’ म्हणजे बाहू. ब्रासेरो म्हणजे बाहुबळावर काम करणारा. युद्ध १९४५ मध्ये संपले, योजना मात्र १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. या २२ वर्षांत सुमारे ४६ लाख करार झाले (एकच माणूस अनेकदा जात असल्याने माणसांची संख्या याहून कमी). कागदावर योजना चांगली होती : तासाला किमान ३० सेंट, राहण्याची सोय, परतीचे भाडे. प्रत्यक्षात सीमेवरील केंद्रांत माणसांना उघडे करून तपासत, अंगावर डीडीटीची भुकटी फवारत आणि मग मळ्यांकडे पाठवीत. १७ सप्टेंबर १९६३ रोजी चुआलार या गावाजवळ बाके ठोकलेल्या एका ट्रकमधून मजुरांना नेत असताना रेल्वेगाडीने त्यास धडक दिली आणि ३२ जण ठार झाले.

एक गोष्ट मात्र विशेष सांगण्यासारखी आहे. योजनेच्या पहिल्या वर्षांत प्रत्येक ब्रासेरोच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली जाई. गावी परतल्यावर ती मेक्सिकोतील बँकेतून मिळेल, असे सांगण्यात आले होते. बहुतेकांना ती मिळाली नाही. साठ वर्षांनी, म्हातारे झालेले हे मजूर पिवळी पडलेली करारपत्रे हाती धरून निदर्शने करू लागले, तेव्हा कोठे मेक्सिको सरकारने प्रत्येकी ३८,००० पेसो देण्याचे मान्य केले. तोवर किती जण देवाघरी गेले होते!

मजूर गेले, तेव्हा काय झाले?

१९६४ मध्ये योजना बंद होणार हे ठरताच मळेवाल्यांनी आकांत मांडला. ब्रासेरो गेले तर टोमॅटोची लागवडच मेक्सिकोला जाईल, भाव आकाशाला भिडतील, असे भाकीत करण्यात आले. कारखान्यात सॉस व केचपसाठी जाणारा टोमॅटो तोडण्याच्या हंगामात कॅलिफोर्नियात सुमारे ४५,००० माणसे लागत, आणि त्यांतील बहुतांश ब्रासेरो असत.

प्रत्यक्षात डेव्हिस येथील विद्यापीठात जॅक हॅना हे वनस्पतितज्ज्ञ आणि कोबी लोरेन्झन हे अभियंते कित्येक वर्षे एका जोडकामात गुंतले होते. एकाने एकदम पिकणारा व जाड सालीचा टोमॅटो तयार केला, दुसऱ्याने तो तोडणारे यंत्र. स्वस्त हात मिळत होते तोवर हे यंत्र कोणी फारसे घेतले नाही; हात जाताच पाच-सहा वर्षांत कारखान्याचा जवळजवळ सर्व टोमॅटो यंत्राने तोडला जाऊ लागला. उत्पादन घटले नाही, उलट पुढे कितीतरी पटींनी वाढले. केचप महागले नाही.

तथापि ही गोष्ट अर्धीच सांगणे योग्य होणार नाही. यंत्र महाग होते, ते मोठ्या जमीनदारालाच परवडले. टोमॅटो पिकवणारे सुमारे ४,००० शेतकरी होते, ते दहा-बारा वर्षांत ६०० च्या आसपास उरले. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा लाभ कोणाला, असा खटलाही १९७९ मध्ये त्या विद्यापीठावर भरला गेला. मजुरी स्वस्त असली की यंत्र येत नाही, आणि यंत्र आले की लहान शेतकरी बाहेर पडतो. ज्यांच्या घरी एक-दोन एकरांची वाडी आहे, त्या आमच्या वाचकांनी या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात.

मायकल क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी २०१८ मध्ये जुन्या नोंदी तपासून आणखी एक गोष्ट दाखवून दिली. ब्रासेरो गेल्यामुळे स्थानिक मजुरांची मजुरी वाढेल, ही सरकारची अपेक्षाही फळास आली नाही. मळेवाल्यांनी यंत्रे घेतली, पिके बदलली. म्हणजे परक्यांना घालवून दिले की आपल्यांचे भले होते, हा समजही तितकाच कच्चा निघाला.

डिलानो : दोन्ही बाजूंना एकाच वेदीवरील माणसे

खाण्याच्या द्राक्षांना मात्र यंत्र चालत नव्हते. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डिलानो येथे लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनो मजुरांनी काम थांबवले. मागणी साधी होती : तासाला १.४० डॉलर आणि पेटीमागे २५ सेंट. त्याच वर्षी वसंत ऋतूत कोआचेला खोऱ्यात हाच दर दिला गेला होता. आठ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, सेसार चावेस व डोलोरेस वेर्ता यांच्या संघटनेतील मेक्सिकन मजूर डिलानोच्या ग्वादालूपे मातेच्या चर्चच्या सभागृहात जमले आणि संपात उतरण्याचे त्यांनी ठरवले. पूर्वी मळेवाले एका जमातीचा संप दुसऱ्या जमातीकडून फोडून घेत. या वेळी तसे झाले नाही.

संपाच्या मागे विचारांची एक वाट होती, ती आमच्या वाचकांना जवळची वाटेल. १९५० नंतर सॅन फ्रान्सिस्को महाधर्मप्रांतातील काही तरुण धर्मगुरू मजुरांच्या छावण्यांत फिरून मिस्सा अर्पण करीत. त्यांतील फादर डोनाल्ड मॅकडोनेल यांनी सॅन होसे येथील एका गरीब वस्तीत चावेस यांना पोप तेरावे लिओ यांचे १८९१ चे ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक समजावून सांगितले. (त्या वस्तीचे नाव ‘साल सी पुएदेस’, म्हणजे ‘जमले तर बाहेर पड’. नाव ठेवणाऱ्याला वस्तीची चांगलीच ओळख असावी.) भुकेपोटी मजुराने कमी मजुरी कबूल केली म्हणून ती न्याय्य ठरत नाही, हा त्या परिपत्रकातील विचार शेतमजुराला लागू करायचा होता, एवढेच.

१७ मार्च १९६६ रोजी डिलानोहून राजधानी सॅक्रामेंटोकडे पदयात्रा निघाली. अग्रभागी ग्वादालूपे मातेची पताका होती. तीनशेहून अधिक मैल चालून यात्रेकरू १० एप्रिलला, पुनरुत्थानाच्या रविवारी, राजधानीत पोहोचले. १९६८ मध्ये चावेस यांनी २५ दिवसांचा उपवास केला. त्यामागे गांधीजींची प्रेरणा असल्याचे त्यांनी उघड सांगितले होते. देशभरातील गृहिणींनी द्राक्षे घेणे थांबवले.

येथे आम्हाला एका अवघड गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. डिलानोचे कित्येक द्राक्षमळेवाले स्वतः स्थलांतरितांची मुले होती. क्रोएशिया व इटलीतून आलेले, कष्टाने जमीन घेतलेले, आणि नेमाने मिस्साला येणारे कॅथोलिक. चर्चच्या बांधकामाला त्यांचीच देणगी, आणि मागच्या बाकावर त्यांचेच मजूर. स्थानिक धर्मगुरूंची मोठीच कोंडी झाली. पुष्कळांनी मौन पत्करले, आणि बाहेरून येऊन संपकऱ्यांबरोबर चालणाऱ्या धर्मगुरूंबद्दल उघड नाराजी व्यक्त झाली. अखेर १९६९ मध्ये अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने एक समिती नेमली. बिशप जोसेफ डॉनली तिचे अध्यक्ष होते. मॉन्सिन्योर जॉर्ज हिगिन्स आणि मॉन्सिन्योर रॉजर महोनी (पुढे लॉस एंजेलिसचे कार्डिनल) यांनी दोन्ही पक्षांकडे खेटे घातले. कोणाची बाजू घेण्यापेक्षा दोघांना एका मेजाशी बसवणे, एवढेच त्यांनी ठरवले होते. २९ जुलै १९७० रोजी डिलानोच्या प्रमुख मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या. दर तासाला १.८० डॉलर, शिवाय आजारपणाच्या निधीसाठी मालकाकडून तासाला १० सेंट.

आमच्या वसई धर्मप्रांतातील शेतकरी कुटुंबे या प्रसंगाकडे दुरून पाहू शकत नाहीत. येथील केळीच्या, फुलांच्या व भाजीच्या वाड्यांत राबायला जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी माणसे येतात, हे आपण रोज पाहतो. रत्नागिरीच्या आंबाबागांत नेपाळी राखणदार असतो, आणि ऊसतोडीला बीडचा मजूर मुकादमाकडून उचल घेऊन कोयता उचलतो. डिलानोच्या मळेवाल्याप्रमाणेच आपल्या वाडीवाल्यालाही दलाल भाव पाडून देतो, आणि मजुराला त्याच भावातून द्यावे लागते. मालक दुष्ट होता आणि मजूर साधा होता, असे सरळ हे प्रकरण नाही.

कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये शेतमजुरांना संघटनेचा कायदेशीर हक्क दिला. त्याच वर्षी आखूड दांड्याच्या खुरप्यावर बंदी आली. ‘एल कोर्तितो’ नावाच्या या अवजाने दिवसभर कमरेत वाकूनच काम करावे लागे, आणि मुकादमाला लांबून एका नजरेत कळे, कोण ताठ उभा राहिला ते. लांब दांड्याच्या खुरप्याने पीक बिघडेल, हा मळेवाल्यांचा दावा होता. पीक बिघडले नाही.

परवान्यावरचा मजूर

संघटनेचे बळ १९८० नंतर ओसरत गेले. त्याची कारणे अनेक आहेत, त्या तपशिलात आम्ही शिरत नाही. १९८६ च्या कायद्याने ‘एच-२ए’ नावाचा हंगामी परवाना आला, त्याचे स्वरूप मात्र आज जाणून घेतलेच पाहिजे. मालकाने आधी स्थानिक मजूर शोधायचे, ते मिळाले नाहीत तर परदेशातून आणायचे; घर व प्रवास मालकाकडे; आणि स्थानिकांची मजुरी पडू नये म्हणून सरकारने राज्यागणिक ठरवलेला किमान दर. २००५ मध्ये अशा सुमारे ४८,००० जागा मंजूर झाल्या होत्या, २०२३ मध्ये सुमारे ३,७८,०००. २०२५ च्या आरंभी हा दर कॅलिफोर्नियात तासाला १९.९७ डॉलर आणि फ्लोरिडात १६.२३ डॉलर होता.

दर वाईट नाही, असे कोणास वाटेल. अडचण अशी की परवाना एका मालकाशी बांधलेला असतो. काम सोडले की देशात राहण्याचा हक्कही संपतो. त्यातच गावाकडील दलालाला बेकायदा दिलेले पैसे फेडायचे असतात. मग तक्रार करणार कोण? २०२१ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका मोठ्या प्रकरणात २४ जणांवर आरोपपत्र दाखल झाले. मजुरांची ओळखपत्रे काढून घेतली, त्यांना उघड्या हातांनी कांदे उपसायला लावले आणि एका बादलीला २० सेंट दिले, असे त्यात म्हटले होते.

याच जॉर्जियाने २०११ मध्ये परवाना नसलेल्यांविरुद्ध कडक कायदा केला होता. मजूर भीतीने निघून गेले, भाजी शेतात कुजू लागली. राज्यपालांनी शिक्षा भोगून देखरेखीखाली असलेल्या माणसांना शेतावर धाडण्याची कल्पना पुढे केली. त्यांतील बहुतेक जण थोड्याच वेळात काम टाकून गेले. काकडी खुडणे हे कोणालाही जमणारे अडाणी काम आहे, असा समज असणाऱ्यांना त्या उन्हाळ्यात बरेच शिकायला मिळाले असेल.

जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या ऑक्सनार्ड परिसरातील शेतांवर केंद्रीय अधिकाऱ्यांनी धाडी घातल्या आणि पुष्कळ मजूर कामावर यायचे थांबले. ८ जुलै २०२५ रोजी सॅन बर्नार्डिनो धर्मप्रांताचे बिशप अल्बर्टो रोहास यांनी एक दुर्मीळ सवलत जाहीर केली : पकडले जाण्याच्या भीतीने जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांना रविवारच्या मिस्साच्या बंधनातून मुक्त केले. महामारीच्या काळातील अशी सूट आपण सर्वांनी अनुभवली आहे. या वेळी कारण रोगाचे नव्हते. त्यानंतर ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने परवान्यावरील मजुरांच्या दराचे सूत्रच बदलले. कुशल व नवशिका असे दोन स्तर पाडले गेले, मालकाने दिलेल्या घरापोटी दर कमी धरण्याची मुभा मिळाली, आणि अनेक राज्यांत खालच्या स्तराचे दर घटले. मजूर मिळेनासे झाले तर अन्नपुरवठा धोक्यात येईल, असे कारण देण्यात आले. म्हणजे मजुराची टंचाई पडली असता त्याचा दर उतरवण्यात आला. बाजाराचा नियम सांगणाऱ्यांनी याचा उलगडा करावा.

हिशेब

आता मूळ प्रश्न. अमेरिकन ग्राहक अन्नावर, घरचे व हॉटेलातले दोन्ही धरून, एक डॉलर खर्च करतो, त्यांतील २०२३ च्या सरकारी हिशेबानुसार सोळा सेंटांच्या आसपास शेतकऱ्याकडे जातात. उरलेले वाहतूक, साठवण, प्रक्रिया, दुकान, हॉटेल, जाहिरात यांत जातात. ताज्या फळांत व भाज्यांत शेतकऱ्याचा वाटा मोठा, ढोबळमानाने एक तृतीयांश असतो. आणि शेतकऱ्याच्या त्या वाट्यातील साधारण एक तृतीयांश मजुरीत जातो. तृतीयांशाचा तृतीयांश म्हणजे एक नवमांश. डॉलरमागे जेमतेम दहा-अकरा सेंट खुडणाऱ्याच्या हाती पडतात.

मजुरी ४० टक्क्यांनी वाढवली, आणि त्यातील पै न पै ग्राहकावर टाकली, तर भाव किती वाढेल? दहा सेंटांवर ४० टक्के म्हणजे चार सेंट. चार डॉलरची स्ट्रॉबेरीची डबी चार डॉलर सोळा सेंटांना मिळेल. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे शेतीअर्थतज्ज्ञ फिलिप मार्टिन यांनी २०२० मध्ये हाच हिशेब संपूर्ण वर्षासाठी मांडला, तेव्हा एका सरासरी कुटुंबाचा ताज्या फळभाज्यांवरील खर्च वर्षाला सुमारे २५ डॉलरने वाढेल, असे उत्तर आले. ४० टक्के हा आकडा हवेतला नाही. १९६६ मध्ये द्राक्षमजुरांच्या पहिल्या करारात दर १.२५ वरून १.७५ डॉलरवर गेला होता, ती वाढ तेवढीच होती.

मग अडते कोठे? आमच्या मते या प्रश्नाची खरी गाठ येथे आहे. ग्राहकाला चार टक्के वाढ जाणवणार नाही, परंतु शेतकऱ्याच्या खर्चात मजुरी तीस-चाळीस टक्के असते, त्याला तीच वाढ बारा ते सोळा टक्क्यांची पडते. आणि भाव तो ठरवीत नाही. मोजक्या किराणा साखळ्या व खाद्यगृहांच्या साखळ्या ठरवतात. त्यांनी दर नाकारला की शेजारचा मळेवाला किंवा मेक्सिकोचा माल तयार असतो. १९९४ च्या व्यापार करारानंतर मेक्सिकोतून येणारा टोमॅटो इतका वाढला की फ्लोरिडाच्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे तक्रारी केल्या, आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने त्यावर सुमारे १७ टक्के कर बसवला. त्या मेक्सिकन मळ्यांतही ओहाकाहून आलेले स्थलांतरितच राबतात. सान किन्तीन खोऱ्यात मार्च २०१५ मध्ये त्यांनी मोठा संप केला होता. ग्राहक द्यायला तयार असला तरी त्याचे चार सेंट खुडणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच नाही.

इमोकाली

ती वाट फ्लोरिडाच्या इमोकाली या गावी काही मजुरांनी शोधून काढली. १९६० मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सीबीएस वाहिनीने ‘हार्वेस्ट ऑफ शेम’ हा एडवर्ड मरो यांचा गाजलेला माहितीपट दाखवला, त्यात फ्लोरिडाच्या शेतमजुरांची स्थिती अमेरिकन घराघरांत पोहोचली होती. तीस वर्षांनीही त्यात फारसा बदल नव्हता. पहाटे अंधारात एका पटांगणात माणसे जमत, मुकादम बोट दाखवून निवड करी, जुन्या बसमधून शेतावर नेई. दव सुकेपर्यंत तोडणी सुरू होत नसे, आणि त्या ताटकळण्याची मजुरी नसे. काम उक्ते : हिरवे टोमॅटो ३२ पाउंडांच्या, म्हणजे सुमारे साडेचौदा किलोंच्या बादलीत भरायचे, धावत ट्रकपाशी न्यायचे, खांद्यावरून वर फेकायचे. बादलीला ५० सेंट. किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर धरले तर दहा तासांत तेवढे कमवायला १४५ बादल्या लागत. साधारण दोन टन शंभर किलो टोमॅटो, एका माणसाने, एका दिवसात.

१९९३ मध्ये या मजुरांचा एक लहान गट चर्चच्या एका खोलीत दर आठवड्याला जमू लागला. त्यांनी काम थांबवून पाहिले, १९९७ च्या अखेरीस सहा जणांनी महिनाभर उपोषण केले, २००० मध्ये ते २३० मैल चालले. मळेवाले बधले नाहीत. तेव्हा त्यांनी विचार केला की मळेवाल्याच्या वर कोण बसले आहे? २००१ मध्ये त्यांनी टाको बेल या खाद्यगृहांच्या साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी एवढीच : टोमॅटोला पाउंडामागे एक सेंट अधिक द्या, आणि तो सेंट मजुराच्या पगारपत्रकावर वेगळा दिसू द्या. बादलीत ३२ पाउंड. म्हणजे ५० सेंटांऐवजी ८२. विद्यार्थी, सिस्टर्स, धर्मगुरू व अनेक पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्या पाठीशी उभ्या राहिल्या. मार्च २००५ मध्ये कंपनीने मागणी मान्य केली. २००७ मध्ये मॅकडोनाल्ड्स आणि २००८ मध्ये बर्गर किंग आले.

आणि तरीही पैसे पोहोचेनात! मळेवाल्यांच्या राज्यव्यापी संघाने, जो सदस्य हा सेंट मजुराला देईल त्याला एक लाख डॉलर दंड करण्याची ताकीद दिली. खाद्यगृहांनी दिलेले पैसे दोन वर्षांहून अधिक काळ एका राखीव खात्यात पडून राहिले. २००८ मध्येच इमोकाली येथील एका प्रकरणात, मजुरांना रात्री ट्रकमध्ये कोंडून ठेवून काम करवून घेणाऱ्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली होती, आणि सगळ्या देशाचे लक्ष त्या गावाकडे लागले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये संघाने माघार घेतली. २०११ च्या हंगामापासून फ्लोरिडाच्या बहुतेक टोमॅटो मळ्यांत नवी पद्धत सुरू झाली, जानेवारी २०१४ मध्ये वॉलमार्टही तीत सामील झाले. काही मोठ्या साखळ्या आजही बाहेर आहेत.

या पद्धतीत सेंटाइतकेच महत्त्व काही साध्या नियमांना आहे. शेतावर पोहोचल्याक्षणी घड्याळात वेळ नोंदवायची, मग दव सुको वा न सुको. सावलीसाठी मांडव, पिण्यास पाणी. स्त्रियांची छेड काढणाऱ्या मुकादमाला काढून टाकावे लागते; सक्तीची मजुरी आढळली की त्या मळ्याचा माल सामील कंपन्या घेत नाहीत. तक्रारीसाठी रात्रंदिवस उत्तर देणारा दूरध्वनी आहे, आणि हिशेबाची वही तपासायला स्वतंत्र मंडळ येते.

पूर्वी बादली काठापर्यंत भरली तरी मुकादम ती घेत नसे. वर शीग लागलीच पाहिजे. तो वरचा ढीग दर बादलीला काही पाउंडांचा असे आणि त्याचे पैसे कोणाला मिळत नसत. आता नियमाबरोबर एक चित्र जोडलेले असते : किती भरलेली बादली ही पूर्ण बादली. टोमॅटो काठाच्या किंचित वर दिसतात, शीग नाही.